कागद कोणी वाचायचा? मुळशी ते डेटा सेंटर

स्वारगेटच्या एसटी स्थानकाजवळ मी बावीस वर्षं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान चालवलं. आता ते पुतण्या बघतो. स्थानकाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जे कागद येतात ते कॉलेजजवळच्या दुकानात येत नाहीत. गाडीतून उतरलेला माणूस पिशवीतून सातबारा काढतो, फेरफार काढतो, कोर्टाची तारीख, मोजणीची नोटीस, तलाठ्याचा दाखला काढतो, आणि घाईत सांगतो, 'तीन-तीन करा, गाडी सुटंल.' आपण तीन-तीन करतो. कागदावर काय लिहिलंय ते वाचायचं नाही, हा या धंद्याचा एक अलिखित नियम आहे. लोकांचं खाजगी असतं.

२००९ च्या उन्हाळ्यात मुळशी तालुक्यातला माझा आतेभाऊ असाच आला. त्याच्या वावरातून उच्चदाब वाहिनी जाणार होती आणि एका टॉवरचे चार पाय त्याच्या भातखाचरात उतरणार होते. ठेकेदाराच्या माणसाने त्याला पिकाच्या आणि दोन आंब्यांच्या नुकसानीचे पैसे दिले होते आणि एक कागद सही करून मागितला होता. मी काच पुसली, तीन प्रती काढल्या, पैसे घेतले नाहीत, चहा पाजला. दोन पावसाळ्यांनंतर टॉवरखालच्या जमिनीत काही नीट पिकेना, यंत्र आत जाईना, म्हणून तो जमिनीचा मोबदला मागायला गेला. तेव्हा त्याला त्याचीच सही दाखवण्यात आली. पिकाची पावती म्हणून त्याने ज्यावर सही केली होती त्यात शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की मिळालेली रक्कम संपूर्ण व अंतिम असून यापुढे कसलीही मागणी राहणार नाही. कागद मराठीत होता. तो मला म्हणाला, 'तुझ्या हातात होता की रे तो. तुलाबी दिसलं नाय?'

तेव्हापासून मी वाचतो. मी इंजिनिअर नाही, वकील नाही, बारावी कॉमर्स. विजेचं जे थोडंफार कळतं ते आयोगाचे आदेश, सरकारी राजपत्रं आणि जाणत्या लोकांना विचारलेले प्रश्न यांतून कळलेलं आहे. गेली काही वर्षं कोणी बोलावलं तर मी गावात, सोसायटीत, बचत गटात जाऊन असे कागद लोकांबरोबर वाचतो. त्या अनुभवातून बनलेलं एक मत इथे मांडायचं आहे. मोठ्या प्रकल्पांचे कागद सगळेच काही लपवलेले नसतात. बरेचसे उघड्यावर असतात. नुकसान होतं ते कागद आणि वाचणारा यांच्यामधल्या हातभर अंतरात. आणि वीज व इंटरनेट यांचे जे नवे प्रकल्प आता येत आहेत त्यांची रचना अशी आहे की हे अंतर मिटवण्यासाठी लोकांना जी एक जागा कायद्याने मिळत होती, ती जागाच त्यांच्या वाट्याला येत नाही.

*

सुरुवात मुळशीपासूनच करावी लागेल. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारं पाणी अडवून ते घाटाखाली कोकणात सोडायचं आणि त्यावर वीज करून मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, ही टाटांची योजना. खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये, आणि मुळशीच्या पाण्यावरचं भिऱ्याचं १९२७ मध्ये. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं ठरलं तेव्हा मावळातली पन्नासच्या आसपास गावं आणि सुमारे अकरा हजार माणसं त्या पाण्याच्या वाटेत होती. जमिनी रीतसर संपादन होण्याआधीच चर खणायला सुरुवात झाली. लोकांना प्रकल्प कळला तो असा, कुदळीच्या आवाजाने.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्यातूनच 'सेनापती' झाले. विनायकराव भुस्कुट्यांसारखे कार्यकर्ते गावोगाव फिरले. पुढे राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो अभ्यास केला, त्यात त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे. लढ्याचा हा भाग बहुतेकांना माहीत असतो. मला त्यातला दुसरा भाग जास्त अस्वस्थ करतो. मावळातल्या बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांकडे आणि जमीनदारांकडे होत्या. कसणारी कुळं वेगळी. सरकारने संपादनाचा मार्ग मोकळा केला आणि नुकसानभरपाईची भाषा सुरू झाली, तेव्हा ज्यांच्या नावावर कागद होता त्यांना ती पटण्यासारखी होती. ज्यांच्या हाती नांगर होता त्यांना ती भरपाई मिळणारच नव्हती. 'जान किंवा जमीन' म्हणणारे आणि 'भाव काय' म्हणणारे एकाच सभेत बसलेले होते. १९२४ च्या अखेरीपर्यंत लढा संपला.

'प्रकल्पग्रस्त' हा शब्द आपण एकवचनी वापरतो, तसा तो नाही, एवढं यातून लक्षात घ्यावं. एकाच प्रकल्पाचा कागद खातेदार, कूळ, मजूर आणि शहरातला वीजग्राहक यांना चार वेगळ्या गोष्टी सांगतो. समजावून सांगणाऱ्याने आधी समोर कोण बसलंय ते विचारायला हवं.

(मुळशीचं पाणी आजही पश्चिमेला उतरतं. भिऱ्यातून सकाळी पाणी सुटलं की कुंडलिकेत कोलाडजवळ पुण्या-मुंबईची मंडळी रबरी होड्यांत बसतात. ते पाणी पूर्वेला वळवून पुण्याला द्या, ही मागणीही जुनी आहे.)

*

दुसरी गोष्ट गुहागरची. स्वारगेटवरून कोकणात जाणाऱ्या गाड्यांतून नव्वदच्या दशकात अंजनवेल, वेलदूरची माणसं पुण्यात येत, तेव्हा 'एन्रॉन' हा शब्द त्यांच्या बोलण्यात 'यंरान' असा यायचा.

जून १९९२ मध्ये एन्रॉनची माणसं आली आणि काही दिवसांतच, २० जूनला, महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला. ८ डिसेंबर १९९३ रोजी वीस वर्षांचा वीजखरेदी करार. दोन टप्पे मिळून दोन हजार मेगावॅटच्या वरचा प्रकल्प. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असं सांगून जागतिक बँकेने १९९३ मध्येच कर्जाला नकार दिला होता. १९९५ मध्ये राज्यात सत्तांतर झालं, मुंडे समितीच्या अहवालानंतर ३ ऑगस्टला प्रकल्प रद्द झाला, आणि नव्याने वाटाघाटी होऊन तो परत आला. पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. दोनच वर्षांनी, मे २००१ मध्ये, मंडळाने तिथली वीज घेणं बंद केलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉन कंपनीच दिवाळखोरीत गेली.

राजकारण सगळ्यांना आठवतं. कराराचं गणित किती जणांना आठवतं? मी ते गावात सांगतो ते मंगल कार्यालयाच्या भाषेत.

समजा तुम्ही एक कार्यालय वीस वर्षांसाठी ठरवलं. भाडं रोजचं, लग्न असो वा नसो. जेवणाच्या ताटाचा दर वेगळा आणि तो तेलाच्या बाजारभावाप्रमाणे बदलणार. भाड्याचा मोठा भाग डॉलरमध्ये, म्हणजे रुपया घसरला की भाडं आपोआप वाढणार. आता रोजचं भाडं एक लाख धरा. हजार माणसं जेवली तर माणशी भाडं शंभर रुपये. तीनशेच जेवली तर तीनशे तेहतीस. आणि दुसरीकडे, घराजवळ, स्वस्तात जेवण मिळत असेल तर या कार्यालयात माणसं कमीच जाणार. जेवढी कमी जाणार तेवढं ताट महाग.

दाभोळचं नेमकं हेच झालं. मंडळाकडे स्वतःच्या केंद्रांची स्वस्त वीज होती. दाभोळची महागडी नाफ्त्यावरची वीज मंडळाने कमी उचलली, म्हणून ठरलेला स्थिर खर्च कमी युनिटांवर पडला, आणि २००० मध्ये काही महिन्यांचा दर युनिटमागे सात रुपयांच्या वर गेला. वर्तमानपत्रांनी 'सात रुपये युनिट' असा मथळा दिला, पण सात रुपये का झाले ते फार थोड्यांनी सांगितलं. वीज महाग होती हे अर्धंच कारण. मागणीचा अंदाज फुगवलेला होता आणि तो चुकला तर भुर्दंड कोणावर हे करारात लिहून ठेवलेलं होतं. ते लिहिलेलं वाक्य वाचणारी माणसं वेळेवर हवी होती.

ती पुण्यातच होती, हे आपण पुणेकर सोयीस्करपणे विसरतो. गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी 'प्रयास' या संस्थेतर्फे १९९५ मध्ये या कराराचं तांत्रिक-आर्थिक विश्लेषण प्रसिद्ध केलं. मोर्चे निघत होते, गुहागरात लोकांवर लाठ्या पडत होत्या, त्यावर ॲम्नेस्टीने १९९७ मध्ये आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये अहवाल काढले. त्याच काळात ही मंडळी आकडेमोड करत बसली होती. तेव्हा मला अशा लोकांची थोडी चीड यायची. लोक मार खातायत आणि हे गुणाकार करतायत! आज वाटतं, दोन्ही लागतं. २००१ मध्ये माधव गोडबोले समितीने करार तपासून शासनाच्या वेगवेगळ्या पातळ्यांवरच्या चुका मांडल्या, तेव्हा त्या गुणाकाराचं मोल कळलं. तोवर भाडं चढलेलं होतं.

*

एन्रॉनच्या धक्क्यातून एक चांगली गोष्ट घडायला मदत झाली. १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग आला आणि वीजदर मंत्रालयात न ठरता सुनावणीत ठरू लागले. पुढे २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम ६४ मध्ये लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेतल्याशिवाय दर ठरवता येणार नाही असं आलं. म्हणजे वीजग्राहक या नात्याने तुम्हाला, मला, झेरॉक्सवाल्याला आयोगासमोर उभं राहता येतं. महाराष्ट्रात ग्राहकांच्या वतीने बोलण्यासाठी आयोगाने ज्या संस्था नेमल्या त्यांत मुंबई ग्राहक पंचायत आणि प्रयास आहेत.

पहिल्याच दरनिश्चितीत, २००० साली, काय निघालं बघा. मंडळ वर्षानुवर्षं सांगत होतं की वीजगळती पंधरा-अठरा टक्क्यांच्या आसपास आहे. शेतीपंपांना तेव्हा बहुतांशी मीटर नव्हते, बिल अश्वशक्तीवर. त्यामुळे जी वीज कुठे गेली ते सांगता येत नव्हतं ती 'शेतकऱ्याने वापरली' या खात्यात जमा व्हायची. सुनावणीत प्रश्न विचारले गेले आणि गळती तीस टक्क्यांच्या वर असल्याचं बाहेर आलं. शेतकऱ्याच्या नावावर शहरातल्या चोऱ्या आणि वितरणातला गलथानपणा खपवला जात होता. एका कोष्टकाने एका अख्ख्या वर्गावर आळ घेतला होता, आणि तो आळ दुसऱ्या एका कोष्टकानेच उतरवला.

आता तुमचं स्वतःचं वीजबिल काढा. मी कुठल्याही गावात आधी तेच काढायला लावतो. त्यात 'स्थिर आकार' आहे आणि 'वीज आकार' आहे. हीच एन्रॉनच्या कराराची दोन अंगं: कार्यालयाचं भाडं आणि ताटाचा दर. 'वहन आकार' म्हणजे वीज तारांतून तुमच्यापर्यंत आणण्याची हमाली. 'इंधन समायोजन आकार' म्हणजे कोळसा-तेलाच्या भावाचा फरक. घरातल्या बायका हे सगळ्यांत लवकर समजतात, कारण भाडं आणि किराणा वेगळा मांडायची सवय त्यांनाच असते. पुरुष मंडळी 'हे सगळं लुटायचं काम आहे' म्हणून बिलाची घडी करतात आणि खिशात ठेवतात.

*

आता सध्याच्या प्रकल्पांकडे येऊ. ते सुटे सुटे येतात, म्हणून कळत नाहीत. एका गावात सोलर, दुसऱ्या तालुक्यात धरणाजवळ नवं काम, तिसरीकडे टॉवर, आणि शहराच्या कडेला खिडक्या नसलेली एक भली मोठी इमारत. चारही एकाच साखळीच्या कड्या आहेत, हे समजायला एक भेद पक्का हवा: मेगावॅट आणि युनिट.

एसटीच्या ड्रायव्हरसमोर दोन आकडे असतात. एक वेगाचा, एक एकूण किलोमीटरचा. मेगावॅट म्हणजे वेग, युनिट म्हणजे कापलेलं अंतर. गाडीचा वेग साठ आहे एवढ्यावरून ती साताऱ्याला पोचली का हे कळत नाही; किती वेळ त्या वेगाने धावली ते विचारावं लागतं. शंभर मेगावॅटचा सौर प्रकल्प दुपारीच त्या वेगाने धावतो. रात्री उभा. पूर्ण वर्षाचा हिशेब काढला तर क्षमतेच्या वीस ते पंचवीस टक्केच वीज हाती येते. शंभर मेगावॅटचं डेटा सेंटर मात्र रात्री दोन वाजताही जागं असतं. पूर्ण भाराने चाललं तर ते दिवसाला चोवीस लाख युनिट आणि वर्षाला सुमारे ८७ कोटी ६० लाख युनिट खाईल. महिन्याला शंभर युनिट वापरणारी सात लाखांवर घरं एवढ्यात चालतात. प्रत्यक्षात भार त्याहून कमी असतो, पण मापाची कल्पना यावी.

म्हणजे शंभर मेगावॅटच्या अशा इमारतीला फक्त उन्हाची वीज द्यायची तर चारशे ते पाचशे मेगावॅट सोलर लागेल. मेगावॅटला साधारण चार एकर धरले तर सोळाशे ते दोन हजार एकर. आणि दुपारची वीज रात्रीपर्यंत साठवायची सोय लागेल, ती वेगळीच.

ती सोय म्हणजे 'उदंचन'. सरकारी मराठीतला हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मलाही कोशात बघावा लागला. पाणी वर उपसणं, एवढाच अर्थ. दोन तलाव, एक वर एक खाली. दुपारी उन्हाची वीज जास्त असते तेव्हा पंपाने पाणी वर चढवायचं, संध्याकाळी दिवे लागले की तेच खाली सोडून वीज करायची. राज्यात घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ पासून आहे, भिऱ्यालाही एक संच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य शासनाबरोबर आणखी दोन प्रकल्पांसाठी करार केला: पुणे जिल्ह्यात शिरवत्याला १,८०० मेगावॅट आणि भिवपुरीला १,००० मेगावॅट. शिरवत्याचा तलाव शंभर वर्षांपूर्वीच्या त्याच खोपोली योजनेतला. सभेत हमखास प्रश्न येतो, 'यातून किती वीज तयार होणार?' खरं उत्तर असं की काहीच नाही. उलट थोडी कमीच होणार. शंभर युनिट घालून वर चढवलेलं पाणी पंचाहत्तर-ऐंशी युनिट परत देतं. ही वखार आहे, शेत नाही. वखारीची गरज नाही असं मी म्हणत नाही. सौर वीज वापरायची तर ती लागेलच. पण 'वीजनिर्मिती प्रकल्प' असा फलक वाचून जो माणूस आपल्या गावाचा हिशेब करतो त्याचा हिशेब पहिल्याच ओळीत चुकतो.

मग या कड्या जोडणाऱ्या तारा. माझ्या आतेभावाची गोष्ट इथे बसते. टॉवरसाठी जमीन संपादित होत नाही. सातबारा तुमच्याच नावावर राहतो. विद्युत कायद्याच्या कलम १६४ खाली पारेषण कंपनीला १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार देता येतात. तार टाकायला मालकाची संमती अडसर ठरत नाही, अडवलं तर जिल्हाधिकारी, मोबदल्याचा वाद असेल तर जिल्हा न्यायाधीश. भूसंपादन नाही म्हणून भूसंपादन कायद्यातली भरपाई नाही, पुनर्वसन नाही. ब्रिटिशांनी तारायंत्राच्या खांबासाठी केलेला कायदा आज चारशे केव्हीच्या मनोऱ्याला लागतो! केंद्राने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: टॉवरखालच्या जमिनीला किमतीच्या ८५ टक्के, तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के. जून २०२४ मध्ये त्या २०० टक्के आणि ३० टक्के झाल्या. सूचना आहेत, राज्याने स्वीकारायच्या आहेत. पण सही करण्याआधी हे दोन आकडे माहीत असणं आणि नसणं यात फरक आहे. २००९ मध्ये आमच्यापुढे तेवढेही नव्हते, आणि जे होतं तेही आम्ही वाचलं नाही.

*

साखळीच्या टोकाला डेटा सेंटर. आत रांगेने संगणक, त्यांना थंड ठेवणारी यंत्रणा, वीज गेली तर क्षणभर सांभाळणाऱ्या बॅटऱ्या, आणि मग डिझेल जनरेटर. आपले फोटो, बँकेचे व्यवहार, रेल्वेची तिकिटं, आता नव्याने आलेली कृत्रिम बुद्धिमत्ता, सगळं अशा इमारतींत राहतं. 'क्लाउड' या शब्दाने मोठा घोटाळा केला आहे. ढगात काही नाही, सगळं जमिनीवर आहे आणि त्याला मीटर आहे. समुद्राखालच्या केबल मुंबईला येतात म्हणून ऐरोली-महापे पट्ट्यात अशी केंद्रं दाटली आहेत. पुण्यात मायक्रोसॉफ्टने आपलं केंद्र २०१५ मध्ये सुरू केलं, २०२४ मध्ये हिंजवडीत आणखी जमीन घेतली. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे आयटीतल्या मुलांना सांगितलं की ती चकित होतात.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या डेटा सेंटरनी २०२४ मध्ये सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली, जगाच्या वापराच्या दीड टक्का. २०३० पर्यंत ती दुपटीहून जास्त होईल असं ती संस्था म्हणते. दीड टक्का ऐकून कोणी घाबरत नाही. पण ही केंद्रं जगभर सारखी पसरत नाहीत, एकमेकांना चिकटून बसतात. आयर्लंडमध्ये २०२३ साली देशातल्या मीटरवरच्या विजेपैकी २१ टक्के एकट्या डेटा सेंटरनी वापरली. शहरांतल्या सगळ्या घरांनी मिळून १८ टक्के. तिथेही सुरुवातीला कोणी हिशेब मागितला नव्हता.

आपल्याकडे हिशेब कुठे मागायचा? २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी लावली. तीस दिवस आधी नोटीस, अहवालाचा सारांश मराठीत, सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळ, आणि शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं. या सुनावण्यांचं किती नाटक होतं ते मी पाहिलं आहे. जाडजूड अहवाल इंग्रजीत आणि सारांशाची चार पानं मराठीत. गणपूर्तीचं बंधन नाही, म्हणजे पाच माणसं आली तरी सुनावणी झाली. तरीही ती एक जागा आहे. तिथे उभं राहून विचारलेला प्रश्न नोंदला जातो.

डेटा सेंटर त्या अधिसूचनेच्या यादीत स्वतःच्या नावाने नाही. ते मोठं असेल तर 'इमारत व बांधकाम' या सदरात जातं, आणि त्या सदराला जनसुनावणीतून सूट आहे. सौर प्रकल्पाला या अधिसूचनेखालची परवानगी लागत नाही. टॉवरच्या ओळीलाही नाही. वनजमीन आली तर वनविभागाची वेगळी परवानगी, तेवढीच. एकेक सूट बघितली तर समजण्यासारखी आहे. सौर पॅनेल धूर सोडत नाही, खरंच आहे. पण साखळी पूर्ण बघितली तर दोन हजार एकर जमीन, शेकडो टॉवर आणि एका शहराएवढा वीजभार यांवर सामान्य माणसाने प्रश्न विचारायचा असा एकही दिवस कुठल्या कॅलेंडरवर येत नाही.

उरतो तो वीज आयोग. तिथे विचारायचा प्रश्न मंगल कार्यालयाचाच आहे. एवढा मोठा ग्राहक येणार म्हणून उपकेंद्रं आणि वाहिन्या आधी बांधल्या जातात. डेटा सेंटर आपल्या स्वतःच्या जोडणीचा खर्च भरतं. पण राज्यातल्या मुख्य पारेषण जाळ्याचा खर्च एकत्र करून वितरण कंपन्यांवर वाटला जातो आणि तिथून तो आपल्या बिलात उतरतो. मागणीचा अंदाज खरा ठरला तर सगळ्यांचं भलं, कारण जास्त माणसं जेवली की माणशी भाडं कमी. शिवाय उद्योगाचा दर चढा असतो आणि त्यातून शेतीपंपाची सवलत काही अंशी निघते, ही जमेची बाजू मान्य करायला हवी. पण तो ग्राहक मुक्त प्रवेशाने थेट दुसरीकडून वीज घेऊ लागला, किंवा येतो म्हणून आलाच नाही, तर मांडव कोणाच्या खर्चाने? दाभोळच्या वेळी हे वाक्य करारात होतं आणि आपण उशिरा वाचलं. आता ते एका करारातही नाही; दहा आदेशांत आणि परवानग्यांत विखुरलेलं आहे.

विरोधाची पत्रकं मी पाहतो, तीही फारशी उपयोगाची नसतात. 'विनाशकारी' हा शब्द पाच वेळा, मंजूर भार किती हे एकदाही नाही. कंपन्यांच्या चित्रफितीत हिरवी झाडं आणि हसरी मुलं असतात, भार तिथेही नसतो. २७ सप्टेंबर २०१८ ला आमच्या इथे दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटून वस्तीत पाणी शिरलं. कालव्याच्या काठावर पिढी काढलेल्या बायका दुसऱ्या दिवशी चिखल उपसताना विचारत होत्या, 'एवढं पाणी जातं का ह्याच्यातून?' रोज उशाशी वाहणाऱ्या गोष्टीबद्दल तो प्रश्न होता.

*

या भाद्रपदात मुळशीकडच्या एका बचत गटात बिलं वाचून झाली. डेटा सेंटर समजावून झाल्यावर एका ताईंनी विचारलं, 'काका, आमचं बिल तर समद्या गावाला म्हाईत असतं. त्यांचं बिल आम्हाला बघाया मिळंल का?' बिल नाही मिळणार, मी म्हटलं. पण महावितरण सार्वजनिक प्राधिकरण आहे. काही गोष्टी विचारता येतात.

मग अर्ज लिहायला बसलो. त्यांनी सांगायचं, मी लिहायचं, आणि प्रत्येक ओळ परत वाचून दाखवायची, अशी अट त्यांनीच घातली. आमच्या भागातल्या उपकेंद्राची क्षमता किती आणि आज भार किती. गेल्या तीन वर्षांत एक मेगावॅटच्या वर किती नव्या जोडण्या मंजूर झाल्या, एकूण किती मेगावॅटच्या. त्यासाठी नवीन वाहिनी प्रस्तावित आहे का, असल्यास कोणत्या गावांतून, आणि नकाशाची प्रत. आमच्या फिडरवर गेल्या वर्षी किती तास वीज गेली. 'आणि हे मराठीत कळवा' ही शेवटची ओळ एका आजींची.

अकरा जणींनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे. मी तो कागद घेऊन दुकानात आलो, पुतण्याला बाजूला बसवलं आणि तीन प्रती स्वतः काढल्या. दुसऱ्या दिवशी स्वारगेटच्या पोस्टातून रजिस्टर केला. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.